बांधण्यासाठी घरात पहिलं फर्निचर: उभी फुली घ्यावी की बाक?

अर्धीरात्र

नमस्कार. आम्ही नवरा-बायको, दोघंही चाळिशीला टेकलेलो. शृंगारात एकमेकांच्या मर्जीने बांधण्याचा खेळ आम्हाला आवडतो, आणि दोन-तीन वर्षं मऊ सुती दोर आणि पलंगाचे पाय एवढ्यावरच आमचं चाललंय. आता दोघांच्याही मनात आहे की एखादी कायमची वस्तू घरात असावी. बांधून घेणारी बायको. तिला ती एक्सच्या आकाराची उभी फुली फार आवडते. मला गादीचा आडवा बाक बरा वाटतो, पण हट्ट नाही. खोली एकच आहे आणि भिंतीत काही ठोकावं की नाही ते कळत नाही. तयार घ्यावं की बनवून घ्यावं हाही प्रश्न आहेच.

एक गोष्ट आधीच सांगतो. कॉलेजात असताना तिचा डावा खांदा निखळला होता, दोनदा. आता काही त्रास नाही. याने फरक पडतो का?

सैलगाठ

पडतो, खूप पडतो. म्हणून तिथूनच सुरुवात करते. मी तुमच्या बायकोच्या जागेवरून लिहितेय, म्हणजे गेली सोळा वर्षं बांधून घेणारी मीच आहे.

एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळतो तो बहुतेक वेळा एकाच स्थितीत: हात बाजूला वर उचललेला आणि मागे वळलेला. फुलीवर हात नेमके तसेच जातात. त्यात तिने अंगाला झटका दिला, किंवा पाय लटपटून वजन हातावर आलं, की झालं. तुम्ही फुली घेतलीच तरी तिचा डावा हात खांद्याच्या उंचीच्या वर बांधू नका, कोपरही थोडं वाकलेलं राहू द्या. तिच्या हाडांच्या डॉक्टरांना नुसतं एवढं विचारा, 'हात वर करून बराच वेळ धरला तर चालेल का?' त्यांना बाकी काही सांगायची गरज नाही.

फुलीची दुसरी अडचण धडधाकट माणसालाही आहे. हालचाल न करता उभं राहिलं की रक्त पायात साचतं. गुडघे ताठ असतील तर जास्तच. मग भोवळ येते. मोकळा माणूस खाली कोसळतो, आडवा होतो आणि डोक्याकडे रक्त गेलं की शुद्धीवर येतो. बांधलेला माणूस उभाच लटकत राहतो, ते धोक्याचं. त्यामुळे फुलीवर गुडघे सैल हवेत, पायांची अधूनमधून हालचाल हवी, आणि तिने 'गरगरतंय', 'कानात आवाज येतोय' असं काहीही म्हटलं की त्या क्षणी सोडायचं.

आता बाक. बाक तुलनेने बरा, माझंही मत बाकाच्याच बाजूने आहे. पण माझा स्वतःचा हात गेला तो बाकावरच, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आमचा पहिला बाक तयार घेतलेला. काळं रेक्झिन, पितळी खिळ्यांची रांग, दिसायला फार देखणा. मी उताणी, हात दोन्ही बाजूंनी खाली नेऊन बाकाच्या पायांना बांधलेले. मनगटाचे कफ, म्हणजे बांधायचे पट्टे, रुंद होते, मऊ होते, दोन बोटं सहज आत जात होती. नवरा दर थोड्या वेळाने मनगटं तपासत होता. सगळं नीट चाललं होतं. फक्त फोम पातळ होता, तो दबला आणि फळीची कड माझ्या उजव्या दंडाच्या मागच्या बाजूला टेकली. दुखलं मुळीच नाही. अंगठ्याच्या पाठीवर जरा मुंग्या आल्या, मला वाटलं हात खाली आहे म्हणून असेल. २०-२५ मिनिटं झाली असतील. सोडल्यावर मी पाण्याचा पेला उचलायला गेले आणि पंजा मनगटातून खाली लोंबला. बोटं सरळ होईनात. पेला खाली पडला आणि मी त्या पंजाकडे बघत बसले, तो माझा वाटतच नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलं, रेडियल नर्व्ह दबली आहे. ही नस दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून जाते आणि तिथे तिला फारसं संरक्षण नसतं. मी त्यांना खरं ते सांगितलं, किती वेळ आणि कशावर. त्यांनी भुवईसुद्धा उंचावली नाही. मनगटाला पट्टी, व्यायाम, आणि सात आठवड्यांनी हात पूर्ववत झाला. नवऱ्याने त्या सात आठवड्यांत माझ्या वेण्या घालायला शिकून घेतलं.

तेव्हापासून कुठलंही नवं फर्निचर आलं की मी आधी कपड्यानिशी, काहीही न बांधता, ज्या स्थितीत बांधणार त्याच स्थितीत त्यावर २० मिनिटं पडून राहते. घड्याळ लावून. जिथे लाकूड टोचतं, कड लागते, तिथे पुन्हा गादी भरून घेते नाहीतर वस्तू परत पाठवते. पाच मिनिटांत हे कळत नाही, फोम बसायला वेळ लागतो.

आणखी दोन जागा बघा. कोपराची आतली बाजू, जिथे आपटलं की झिणझिण्या येतात ती. आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला किंचित खाली हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तिथे पट्टा कधीच आवळू नये. ती नस दबली तर पाऊल उचलता येत नाही, चालताना चवडा घासतो. गुडघे टेकण्याच्या बाकांवर पट्टा बरोबर तिथेच दिलेला असतो. तो काढून पोटरीच्या मध्यावर घ्या.

पालथं झोपवणार असाल तर छातीकडे लक्ष ठेवा. फळी अरुंद असेल आणि सगळं वजन छाती-पोटावर येत असेल तर श्वास उथळ होतो. हात पाठीमागे बांधून पालथं तर नकोच. तिला लांब वाक्य एका दमात बोलता येतंय का ते ऐकत राहा.

करवतकानस

फर्निचर बनवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, त्यामुळे फक्त लाकूड आणि लोखंडावर बोलतो.

वर झोपलेल्या माणसाच्या वजनाचा हिशेब करू नका. माणूस ओढतो, झटका देतो, तेव्हा सांध्यावर येणारा जोर त्याच्या वजनाच्या कितीतरी पुढे जातो. सांधे आरपार नट-बोल्टचे हवेत, दोन्ही बाजूंना मोठे वायसर. एम१०, म्हणजे १० मिमी जाडीचा बोल्ट चालेल. लाकडाच्या टोकात, म्हणजे उभ्या रेषांच्या तोंडात घातलेला स्क्रू हलत्या ओढीने निसटत जातो, आणि तयार मालात तोच जास्त दिसतो. कड्या घेताना आय-बोल्टचा, म्हणजे डोक्याला गोल कडी असलेल्या बोल्टचा, वाटोळा भाग ओतीव किंवा वेल्डिंगने बंद केलेला बघा. नुसती सळई वाकवून केलेला उघडतो. त्यावर जो भार लिहिलेला असतो तो सरळ ओढीचा. तिरकी ओढ असली की ताकद बरीच कमी होते.

भिंतीत ठोकायचं तर भरीव काँक्रीट किंवा भरीव विटेतच, अँकर बोल्टने. पोकळ पार्टिशनला, जिप्समला हातही लावू नका. छताला तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय अजिबात नाही. एका खोलीचा प्रश्न असेल तर जमिनीवर स्वतः उभा राहणारा बाकच घ्या, पायांना रबर लावून. चाचणी म्हणजे दोन मोठ्या माणसांनी त्यावर बसून जोरात हलायचं. करकरला तर पुन्हा आवळा, डुगडुगला तर वापरू नका.

कडा सगळ्या गोल करून घ्या, पॉलिश पेपर १२० आणि मग २२०. लाकडाला पॉलियुरेथेनचे हात द्या, म्हणजे घाम आत मुरत नाही आणि साबणाच्या पाण्याने पुसता येतं.

अर्धीरात्र

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री हे सगळं बायकोला वाचून दाखवलं. खांद्याचं ऐकून तिनेच फुली रद्द केली. म्हणाली, त्या दोन्ही वेळा हात तसाच वर होता. आता एक तयार बाक बघितलाय. त्याला पुढे मान आणि मनगटं अडकवायची भोकांची फळी आहे, आणि कुलपं. ते कसं?

सैलगाठ

मानेची फळी काढून टाका. निघत नसेल तर तो बाक घेऊ नका. गुडघे सटकले, चक्कर आली, नुसतं खोकताना अंग पुढे गेलं तरी सगळा भार गळ्यावर येतो. मानेभोवती पट्टाही नको, कितीही सैल असला तरी. इथे मी कुणालाच 'थोडं चालतं' असं सांगणार नाही.

कुलपांचं म्हणाल तर आमच्याकडे एकही नाही. त्याऐवजी पॅनिक स्नॅप घ्या. घोड्यांच्या दोरांना असतो तसा हुक, त्यावरची सरकती नळी मागे खेचली की ताण असतानाही सुटतो. साधा कॅराबिनर, म्हणजे गिर्यारोहकांची स्प्रिंगची कडी, ताणाखाली उघडत नाही, आधी अंग उचलावं लागतं आणि बेशुद्ध माणूस उचलणं एकट्याचं काम नव्हे. शिवाय बोथट टोकाची कात्री, रुग्णवाहिकेत कपडे कापायला वापरतात तसली, बाकालाच अडकवून ठेवा. कपाटात नको.

आणि सोडवायची तालीम करा, दिवे बंद करून. तिने अंग पूर्ण सैल सोडायचं, काही मदत करायची नाही, तुम्ही सोडवायचं. उभं बांधलं असेल तर आधी पाय, मग तिला अंगावर तोलून हात. हात आधी सोडले तर ती बांधलेल्या पायांवरून तोंडघशी पडेल. आमची पहिली तालीम दोन मिनिटांच्या वर गेली होती, एका बकलात पट्टा उलटा घातलेला. तो आम्ही दुसऱ्याच दिवशी बदलला.

थांबवायचे शब्द तुमचे ठरलेले असतीलच. आम्ही हिरवा-पिवळा-लाल वापरतो. तोंड बांधलेलं असेल तर हातात चेंडू, तो पडला की थांबायचं. पण नस दबताना दुखत नाही, त्यामुळे नुसतं 'ठीक आहेस ना' विचारून भागत नाही. दर ५-१० मिनिटांनी तिला सांगा: मनगट वर उचल, बोटं फाक, अंगठा करंगळीला लाव. हाताच्या तिन्ही मुख्य नसांची तपासणी त्यात होते. एकही जमलं नाही तर बोलणं नंतर, आधी सोडा. बांधलेलं असताना खोलीबाहेर जायचं नाही, फोन वाजला तरी नाही. आणि त्या दिवशी दोघांपैकी कुणीही दारू घेतलेली नसावी.

अर्धीरात्र

तो बाक सोडला. करवतकानस यांनी सांगितलं तसा सुताराकडून बनवून घेतला, 'व्यायामाचा बाक' म्हणून. काल कपड्यानिशी २० मिनिटं ती पडून राहिली आणि मी शेजारी घड्याळ धरून. चौदाव्या मिनिटाला म्हणाली, डाव्या कोपराखाली काहीतरी कडक लागतंय. रेक्झिन दाबून बघितलं तर एका बोल्टचं डोकं वर आलेलं. उद्या उघडून ते खाली बसवतो आणि पुन्हा २० मिनिटं लावतो.