वाटीखालचं दुखणं: खो-खोच्या मुलीला ॲक्युपंक्चर करावं का?

मैदान_सोलापूर:
नमस्कार. खेळाडू 17 वर्षांची, आक्रमणात तरबेज. उजव्या गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकाला 2 महिन्यांपासून दुखतंय. पाटीवरून उठताना आणि खांबाजवळ सूर मारताना कळ येते. अंग गरम झालं की थांबते, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना परत सुरू. सोनोग्राफीत टेंडन (वाटीला नडगीशी जोडणारा दोरीसारखा भाग) जाड दिसला, फाटलेला नाही. स्पर्धा 5 आठवड्यांवर आली आहे. घरच्यांना कुणीतरी ॲक्युपंक्चर सुचवलंय. सुया कुठे टोचतात, किती बैठका लागतात, त्याच दिवशी सराव चालतो का? आणि मुख्य म्हणजे, सुईनं टेंडन बरा होतो का?

फिजिओ_विजापूररोड:
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. सुईनं दुखणं कमी होऊ शकतं, काहींना काही तास तर काहींना दोन-तीन दिवस. टेंडन मजबूत होतो तो मोजून-मापून दिलेल्या भारानं, आणि त्याला 12 आठवड्यांच्या आसपास लागतात. 5 आठवड्यांत तो पूर्ववत होणार नाही, हे घरच्यांना आजच सांगा.

म्हणून सुया घ्यायच्याच असतील तर त्या व्यायामाच्या जोडीला घ्या, व्यायामाऐवजी नकोत. पहिले दोन आठवडे रोज हे करून घ्या. खांबाला रुंद पट्ट्याचा फास बांधायचा. मुलीनं खांबाकडे तोंड करून फासात उभं राहायचं, पट्टा दोन्ही गुडघ्यांच्या मागे, पोटरीच्या अगदी वरच्या भागावर. पट्टा ताणून मागे खुर्चीत बसल्यासारखं बसायचं, नडगी उभीच ठेवायची. 45 सेकंद धरायचं, 2 मिनिटं विश्रांती, असं 5 वेळा. पट्टा रुतत असेल तर आतून आपली सोलापुरी चादर घडी करून लावा, ती जाड असते, सरकत नाही. मात्र खांब जमिनीत पक्का आहे का, ते आधी हलवून बघा.

व्यायाम करताना दुखणं 10 पैकी 3 पर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या पातळीवर आलं नाही, तर आदल्या दिवशी भार जास्त झाला असं समजा. तिसऱ्या आठवड्यापासून उतरत्या फळीवर एका पायाच्या बैठका, 15 च्या 3 फेऱ्या, हळूहळू खाली जायचं. फळी सुताराकडून करून घ्या: 40 सेंमी लांब, टाचेची बाजू 17 सेंमी उंच, म्हणजे उतार 25 अंशांच्या जवळपास येतो. या काळात सराव बंद नको, पण सूर मारणं आणि खांबाभोवतीचं वळण निम्म्यावर आणा. पाटीवरून उठणं मोजा; रोज 60 वेळा होत असेल तर 30 करा.

आणखी एक. बोटाच्या टोकानं दाबून नेमकी जागा पाहा. वाटीच्या टोकाला दुखलं तर हा टेंडनचाच प्रकार. त्याखाली नडगीच्या उंचवट्यावर दुखलं तर वाढत्या वयातला हाडाचा त्रास असू शकतो, मग अस्थिरोगतज्ज्ञांना परत दाखवा. सरळ पाय उचलता येत नसेल, गुडघा अडकत असेल किंवा काही तासांत सुजला असेल, तर सुई-व्यायाम सगळं थांबवून आधी डॉक्टर. टेंडनमध्ये स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यायला कुणी सांगितलं तर फार विचार करा, त्यानं टेंडन कमकुवत होतो.

सुईचा_अभ्यास:
वरचं सगळं बरोबर आहे, सुईपुरतं मी सांगते. गुडघ्याच्या दुखण्यात साधारण हे बिंदू घेतात: वाटीच्या वरच्या आतल्या कडेपासून दोन-तीन बोटं वर, तसाच बाहेरच्या बाजूला एक. वाटीखालच्या खोलगट भागापासून मुलीच्याच हाताची चार बोटं खाली, नडगीच्या पुढच्या धारेपासून एक बोट बाहेर. शिवाय नडगीच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या बारीक हाडाच्या वरच्या टोकाच्या किंचित पुढे आणि खाली एक. वाटीखालचे दोन्ही खळगे, ज्यांना 'गुडघ्याचे डोळे' म्हणतात, तिथं सुई खोल गेली तर सांध्यात शिरते आणि जंतुसंसर्गाची भीती राहते. तिथं उथळच टोचायला सांगा किंवा ते बिंदू सोडायला सांगा.

सुई 0.25 मिमी जाड, 25 ते 40 मिमी लांब. पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं हवं, एकदा वापरून फेकायचीच, तीही छिद्र न पडणाऱ्या डब्यात. टोचल्यावर जडपणा, ठणकल्यासारखं, आतून ताणल्यासारखं वाटतं; तेवढं अपेक्षितच. विजेसारखी झिणझिणी पायभर गेली तर लगेच बोलायचं, सुई नसेजवळ आहे. 20 ते 25 मिनिटं, आठवड्यातून एक-दोन वेळा, 6 बैठका. चौथ्या बैठकीनंतरही दुखण्यात काहीच फरक नसेल तर थांबा, पुढच्या बैठका वाया जातात.

सर्वात जास्त होणारी चूक ही: संध्याकाळचा सराव करून, उन्हातून उपाशीपोटी आलेल्या मुलीला बसवून टोचतात आणि तिला चक्कर येते. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात तर हे हमखास. आधी दीड-दोन तास काहीतरी खाल्लेलं असावं, पाणी प्यायलेलं असावं, पहिली बैठक झोपूनच घ्यावी. चक्कर आलीच तर सुया काढून पाय उंच करायचे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधीच सांगा.

जुना_संरक्षक:
आपल्या गावात एक समज आहे की डॉ. कोटणीसांनी ॲक्युपंक्चर भारतात आणलं. तसं नाही ओ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, 1910 चा जन्म, 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले. ते शल्यचिकित्सक होते आणि 1942 मध्ये तिथंच वारले. त्याच पथकातले डॉ. विजय बसू पुढे चीनमध्ये ही विद्या शिकले आणि 1959 मध्ये कोलकात्यात त्यांनी ती सुरू केली. हे सांगतोय कारण कोटणीसांचं नाव घेऊन कुणी विश्वास मिळवू पाहत असेल, तर आधी नोंदणी विचारा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आणि वेगळी परिषद आहे, तिचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असायला हवा.

मुलगी 18 च्या आत आहे, तेव्हा पालक सोबत हवेतच. आणि सुयांसोबत नाव नसलेल्या पुड्या किंवा गोळ्या दिल्या तर घेऊ देऊ नका. सुईवर डोपिंगची बंदी नाही, पण पुडीत काय मिसळलंय ते चाचणीतच कळतं, आणि जबाबदारी खेळाडूची धरली जाते.

मैदान_सोलापूर:
मनापासून आभार. मग वार कसे ठरवू? स्पर्धा जवळ आल्यावर सुई घ्यायची का?

फिजिओ_विजापूररोड:
सोमवारी आणि गुरुवारी सुई, त्या दिवशी फक्त खांबाचा धरून ठेवायचा व्यायाम, तोही सुईनंतर तीन-चार तासांनी. पळणं आणि सूर मंगळवार, शुक्रवार. सुईनं दुखणं दबलेलं असताना जोर लावला तर टेंडन किती ताणला गेला, ते तिला कळणारच नाही. स्पर्धेच्या आधीचे 2 दिवस सुई नको. त्या दिवसांत सकाळी दुखणं किती आहे, हा आकडा वहीत लिहून ठेवा. तो 3 च्या वर गेला तर तिला पहिल्या डावात बाहेर बसवा.