जपानमधल्या शाळा पाहायला जाते आहे. आठ दिवसांत नेमकं काय पाहू?

शाळेची घंटा:
नमस्कार. मी प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका. देवाणघेवाण कार्यक्रमात पुढच्या महिन्यात जपानला जाते आहे. दोन प्राथमिक शाळांत चार-चार दिवस बसायचं, मग तिथले मुख्याध्यापक आमच्याकडे येणार. बावीस वर्षं शिकवलं, सहा वर्षं या खुर्चीत आहे. पण आता वर्गात शिरले की माझी नजर आधी टाचणवहीवर जाते, मग भिंतीवरच्या तक्त्यांवर, आणि मुलांकडे सगळ्यात शेवटी. तिथेही असंच झालं तर? शिवाय जपानी येत नाही, दुभाषी फक्त दुपारपर्यंत. कोणी जाऊन आलं असेल तर मनापासून सांगा.

खडू-फळा:
मॅडम, मी निवृत्त मुख्याध्यापक. यजमान शाळेला आजच लिहा की ‘जुग्यो केनक्यू’चा एक तरी पाठ पाहायचा आहे. शिक्षक मिळून एकाच पाठाची तयारी कित्येक दिवस करतात. त्यांच्या टाचणात मुलं कोणकोणती उत्तरं देतील हे आधीच लिहिलेलं असतं, चुकीची उत्तरंसुद्धा. एक जण शिकवतो, बाकीचे हातात मुलांच्या जागांचा नकाशा घेऊन कडेला उभे. नंतरच्या बैठकीत बोलणं होतं ते पाठाबद्दल आणि मुलांच्या विचारांबद्दल. शिकवणाऱ्याला गुण देत बसत नाहीत.

मलाही भाषा येत नव्हती, म्हणून एकाच मुलीच्या वहीवर नजर ठेवली. अपूर्णांकांची बेरीज होती. तिनं पट्टी काढून तीन भाग केले, जुळेना, मग शेजारी दुसरी पट्टी काढली. सर बाकांमधून फिरत आले, वही पाहिली, कागदावर काहीतरी टिपलं आणि न बोलता पुढे गेले. दहा मिनिटांनी तिलाच फळ्यावर बोलावलं, ती न जुळलेली पट्टी काढायला. सगळ्या वर्गाची चर्चा तिथून सुरू झाली. ४५ मिनिटांत फळ्यावरचं काहीही पुसलं गेलं नाही. शेवटी फळा वाचला की तास कसा सरकला ते कळत होतं, मला भाषा न येतासुद्धा. त्या मुलीचा चेहरा अजून आठवतो.

परत आल्यावर मात्र मी चुकलो. तिथं मुलं वर्ग स्वतः झाडतात-पुसतात हे पाहून भारावलो आणि दुसऱ्याच आठवड्यात परिपत्रक काढलं. महिन्याभरात सगळं थांबलं. तिथं सफाईला वेळापत्रकात जागा असते आणि शिक्षकही फडकं घेऊन मुलांबरोबर असतात. वर्गातली जबाबदारीची कामं, विद्यार्थी परिषद, शाळेचे समारंभ हे सगळं ‘तोक्कात्सु’ या नावानं राष्ट्रीय अभ्यासक्रमातच आहे. मी फक्त फडकं पाहिलं होतं.

आणि तिथल्या मुख्याध्यापकांबरोबर एक अख्खा दिवस काढा. शाळेचं जेवण मुलांच्या आधी ते स्वतः खाऊन पाहतात, मगच वाढप सुरू होतं. ते आवर्जून बघा.

तिसरा बाक:
मी शिक्षिका आहे, त्या बाजूनं लिहिते. आमचे एक मुख्याध्यापक परदेशी जाऊन आले. शंभर फोटो दाखवले आणि आम्हाला तीन नव्या नोंदवह्या मिळाल्या. जुनी एकही बंद झाली नाही. मॅडम, जाण्याआधी तुमच्या शिक्षकांना विचारा, तुम्हाला तिथून काय जाणून घ्यायचंय? मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, की चार शिक्षकांना एकाच वेळी एका वर्गात उभं राहायला वेळ कुठून काढतात, ते बघून या.

उत्तरेचा वारा:
मी फिनलंडमध्ये वर्ग पाहिले. मुलं सातव्या वर्षी पहिलीत येतात, ४५ मिनिटांचा तास झाला की साधारण १५ मिनिटं बाहेर खेळायला. मला सगळ्यात जास्त त्या सुट्टीत शिकायला मिळालं, कारण तेव्हा शिक्षक मोकळेपणी बोलले. तुमच्या दुभाष्याला तासात बसवू नका, शिक्षककक्षासाठी राखून ठेवा. मुलांचे फोटो परवानगीशिवाय नकोच.

शाळेची घंटा:
सगळ्यांचे आभार. खडू-फळा सर, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. आज यजमान शाळेला पाठाबद्दल पत्र गेलं. तिसरा बाक, तुमचा प्रश्न शनिवारी आमच्या शिक्षककक्षात तसाच ठेवला. पाचवीच्या बाई म्हणाल्या, “आम्ही टाचणात मुलांची चुकीची उत्तरं लिहिली, तर तपासताना तुम्ही लाल शेरा माराल का?” मला लगेच उत्तर देता आलं नाही, कारण असे शेरे मी मारलेले आहेत. आता त्या बाईंनाच बरोबर नेता येईल का, हे आयोजकांना विचारलंय. जमलं नाही, तर त्यांनी लिहून दिलेल्या सात प्रश्नांची चिठ्ठी बरोबर असेल. आल्यावर इथेच लिहीन.