ट्रेनरने कुठे थांबायचं? डाएट चार्ट, गुडघा आणि बीपीच्या गोळ्या

कर्लीकाठ
कुडाळला जिम ट्रेनर आहे, सर्टिफिकेट एनएसक्यूएफ (सरकारी कौशल्य पात्रता चौकट) लेव्हल ४ चं. समोर असलेली केस अशी: वय ५२, वजन ८४ किलो, बैठं काम, आजवर व्यायाम नाही. शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, बीपीसाठी टेलमिसार्टन आणि मेटोप्रोलॉल. जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. मागण्या चार: डाएट चार्ट, गुडघ्याला टेपिंग (आधाराची चिकटपट्टी लावणं), एखादी पावडर, आणि 'तीन महिन्यांत गोळ्या बंद' असा शब्द. जिमचे मालक म्हणतात, सगळं पॅकेजमध्ये घाला. यातलं माझ्या हातात काय येतं? डॉक्टरांकडे पाठवलं तर चिठ्ठीवर 'व्यायाम चालेल' एवढंच येतं, त्याचं काय करायचं?

आंबोलीधुकं
आधी गोळ्यांचं. बंद, कमी, वेळ बदला, यातलं काहीही ट्रेनरच्या तोंडून जाता कामा नये, गमतीतसुद्धा. वजन उतरल्यावर शुगर खाली येते आणि डॉक्टर डोस कमी करतात हे खरं, पण तो निर्णय त्यांचा. तुम्ही फक्त हजेरी आणि वजनाची नोंद मेंबरच्या हाती द्यायची.

आता सुरुवात. पार-क्यू प्लस म्हणजे व्यायामाआधी भरायची तब्येतीची प्रश्नावली. तिच्या पहिल्या पानावर सात प्रश्न असतात, ते मेंबरने स्वतः भरून सही करायची. फॉर्म जास्तीत जास्त १२ महिने चालतो, मध्ये तब्येत बदलली तर लगेच नवा. तुमच्या केसमध्ये मधुमेह आहे आणि व्यायामाची सवय नाही, म्हणजे त्रास काही नसला तरी सुरू करण्याआधी डॉक्टरांची परवानगी हवी. छातीत दुखणं, चक्कर, थोड्या श्रमात धाप असं काही असेल तर ट्रेडमिलवर चढवूच नका.

'व्यायाम चालेल' ही चिठ्ठी निरुपयोगी ठरते, कारण आपण विचारतोच मोघम. जिमच्या लेटरहेडवर एक पान लिहून द्या: 'आठवड्यातून तीन दिवस, ट्रेडमिलवर ताशी ४ ते ५ किमी वेगाने २० मिनिटं चालणं, मग पाच मशीन, प्रत्येकी १२ रिपिटिशनचे दोन सेट, श्वास न रोखता. चालेल / बदल हवा / नको. व्यायामाआधी शुगर किती असावी? बीपी किती असेल तर थांबवावं?' डॉक्टरांना फक्त खूण करून आकडे भरायचे असतात. पान परत आलं की फाइलला लावा.

या गोळ्यांमुळे जिममध्ये काय बदलतं ते मात्र तुम्हाला माहीत हवंच. मेटोप्रोलॉल (नावाच्या शेवटी 'लॉल' असलेल्या बहुतेक गोळ्या) नाडी वर जाऊ देत नाही. २२० वजा वय करून काढलेला कमाल नाडीचा १६८ हा आकडा इथे विसरा. बोलता येतंय पण गाता येत नाही, एवढा दम पुरे. ग्लिमेपिराइडने व्यायामात शुगर खाली जाऊ शकते, एकट्या मेटफॉर्मिनने सहसा जात नाही. आणि ग्लिमेपिराइड व मेटोप्रोलॉल एकत्र असल्या की खरी अडचण: शुगर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर मेटोप्रोलॉल झाकून टाकतं, उरतो फक्त घाम. कोकणातल्या दमट हवेत जिममध्ये घाम कोणाला येत नाही? म्हणून लक्षणांवर विसंबू नका. मेंबरने स्वतःचा ग्लुकोमीटर आणावा, सुरू करण्याआधी स्वतःच तपासावं. डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला नसेल तर १०० च्या खाली आधी काहीतरी खाऊन घ्यायचं. 'माका चक्कर येता' म्हणाले आणि मीटरवर ७० च्या खाली दिसलं, तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८.

गुडघा_फिजिओ
गुडघ्यापुरतं लिहिते. व्यायाम बदलणं तुमचं काम, दुखण्याला नाव देणं नाही. 'मेनिस्कस गेलाय', 'गादी झिजली' असं ट्रेनरने म्हटलं की मेंबर सहा महिने तेच धरून बसतो आणि पाय वापरायचा थांबतो. त्याऐवजी दिसलं तेवढं लिहा: 'उजवा गुडघा, पुढची बाजू, जिना उतरताना, तीन आठवडे, सूज नाही.' फिजिओला ही एक ओळ फार उपयोगी पडते.

खोल स्क्वॉटऐवजी उंच बाकावर बसून उठणं, लेग प्रेसची रेंज कमी करणं, उचलायचं वजन कमी करणं, हे सगळं तुमच्या हद्दीत. व्यायाम करताना दुखणं वाढलं, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त वाटलं, तर एक पायरी मागे या. दोन आठवड्यांत फरक नसेल तर पाठवा. सूज, गुडघा अडकणं, पायात बळ न राहणं यासाठी दोन आठवडे थांबायचं नाही. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा सुटला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

दुखऱ्या जागेवर उपचार म्हणून टेपिंग, कपिंग, सुया, मान किंवा कंबर 'मोडून' देणं: नाही. दोन दिवसांच्या वर्कशॉपचं सर्टिफिकेट भिंतीवर असलं तरी नाही. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात फिजिओथेरपी आणि आहारशास्त्र ही कामं येतात, जिम ट्रेनर त्या यादीत नाही.

सोलकढी_आहार
डाएट चार्टच्या वादात लोक शब्दावर अडतात. निरोगी माणसाला 'ताटात भाजी वाढवा, भात एक मूद कमी करा, दिवसाला प्रोटीन साधारण किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतं' हे आयसीएमआर-एनआयएनचं (राष्ट्रीय पोषण संस्थेचं) छापील मार्गदर्शन आहे, ते सांगायला हरकत नाही. १०० ग्रॅम बांगड्यात सुमारे २० ग्रॅम प्रोटीन, एका अंड्यात ६, दोन टेबलस्पून कुळथाच्या पिठीत चारेक ग्रॅम. इथवर ठीक.

आजारासाठी ग्रॅम मोजून आठवड्याचा तक्ता दिलात की तो उपचार झाला. का, ते याच केसवर बघा. ट्रेनर हमखास सांगतो, 'वर्कआउटनंतर शहाळं घ्या.' एका शहाळ्यातून ५०० मिलिग्रॅमहून जास्त पोटॅशियम सहज जातं. टेलमिसार्टन शरीरात पोटॅशियम अडवून ठेवतं. मूत्रपिंड धड असेल तर एखाद्या शहाळ्याने काही होत नाही, पण मधुमेह्याचं मूत्रपिंड धड आहे हे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघितल्याशिवाय कळणार कसं? आणि तो रिपोर्ट वाचणं तुमचं काम नाही. पावडरचंही हेच, रिपोर्ट डॉक्टरांनी बघेपर्यंत डबा उघडू नका. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा 'प्रोटीनसाठी सुकट खा' असाही सल्ला ऐकू येतो. सुक्या, खाऱ्या मासळीतलं मीठ बीपीवाल्याला परवडत नाही.

गावात आहारतज्ज्ञ नसेल तर व्हिडिओवर सल्ला घेता येतो. मालकांना सांगा, पॅकेजमध्ये तो खर्च धरा, चार्टवर सही तिची. स्टेरॉइड आणि इंजेक्शनचा विषय इथे आला नाही, तरी सांगते: ती डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं आहेत, जिमच्या कपाटात त्यांना जागा नाही.

कर्लीकाठ
पत्राचा नमुना तसाच वापरतो. एक राहिलं. भातलावणीच्या दिवसांत मेंबर येतात, 'पोटऱ्या भरल्यात, अंग मोडून आलंय' म्हणतात. फोम रोलर (दुखऱ्या स्नायूंवर फिरवायचा फोमचा रूळ) द्यावा का?

आंबोलीधुकं
आधी ताप विचारा. व्यायामाची दुखण २४ ते ७२ तासांत जोर धरते, ज्या स्नायूंनी काम केलं तिथेच असते आणि ताप आणत नाही. ताप, डोकेदुखी, लाल डोळे आणि पोटऱ्या दाबल्या की कळ, तर त्या दिवशी व्यायाम नाही, रोलर नाही, दुखण्याची गोळीही तुमच्याकडून नाही. सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र. सिंधुदुर्गात पावसाळ्यात लेप्टोचा (उंदरांच्या मूत्राने दूषित चिखल-पाण्यातून होणारा ताप) धोका असतो आणि औषध लवकर सुरू झालं तरच सोपं जातं. ताप नाही, पण पहिल्याच दिवशी पायांचा दाबून व्यायाम झालाय आणि लघवी काळ्या चहासारखी होतेय, तरीही हॉस्पिटलच.

चिठ्ठीवर 'लेप्टो' लिहू नका. ताप कोणत्या दिवसापासून, चिखलात कोणत्या तारखांना उतरले, पायाला जखम आहे का, शेवटचा व्यायाम कधी आणि कुठला, एवढं लिहा.