प्रतिसाद: लेफ आणि वेस्टमाल एकाच माळेचे मणी नाहीत

लेफ आणि वेस्टमाल या बेल्जियमच्या दोन बीअरना वरच्या पोस्टमध्ये सरसकट 'साधूंची बीअर' म्हटलंय, पण फरक मोठा आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठ उठवले गेले, त्यात लेफच्या मठातलं ब्रूइंगही (बीअर बनवणंही) थांबलं. 1952 मध्ये मठाने बाहेरच्या ब्रूअरशी करार केला. आज ती बेल्जियममधल्या ल्युव्हन शहरातल्या कारखान्यात बनते आणि मठाला रॉयल्टी मिळते. ट्रॅपिस्ट (एक ख्रिस्ती साधूपंथ) शिक्क्यासाठी मात्र बीअर मठाच्या आवारातच, साधूंच्या देखरेखीखाली बनावी लागते आणि उरलेला नफा दानधर्माला जावा लागतो. वेस्टमालला हा शिक्का आहे; तिथे साधू 1836 पासून बीअर बनवतात.

तिथली ट्रिपेल, म्हणजे कडक सोनेरी बीअर, 9.5 टक्के अल्कोहोलची असूनही जड का लागत नाही, तर साखरेमुळे. माल्टमधली (मोड आणून वाळवलेल्या धान्यातली) काही साखर यीस्टला पचत नाही, ती मागे राहून बीअर दाट, गोडसर करते. वरून घातलेली साधी साखर पूर्ण आंबते: अल्कोहोल वाढतं, बीअर हलकी राहते. नुसत्या माल्टवर तेवढं अल्कोहोल गाठायला गेलं की पाकासारखं चिकट लागतं.

बाटलीतही यीस्ट जिवंत असतं आणि त्याचा गाळ तळाशी बसतो, म्हणून ती उभीच ठेवा. ओतताना ग्लास तिरपा धरा, एका दमात सावकाश ओता आणि तळाचा सेंटिमीटरभर गाळ बाटलीतच राहू द्या. मध्येच बाटली सरळ केली की गाळ उसळतो आणि सोनेरी ट्रिपेल गढूळ होते.