मदत हवी आहे: जुन्या गोठ्याच्या सामानातून बदकांचं खुराडं

नमस्कार मंडळी,

गुहागरजवळ आमची वाडी आहे. गुरं राहिली नाहीत, म्हणून घरामागचा गोठा यंदा उतरवला. सामान मात्र टाकवत नाही. मंगलोरी कौलं, फणसाचे वासे, रिपा, जांभ्याचे चिरे, गजांची एक खिडकी आणि चार जुने सिमेंटचे पत्रे आहेत. त्यातूनच परसात खाकी कॅम्पबेल जातीच्या सहा बदकांसाठी (पाच माद्या, एक नर) खुराडं उभं करायचं आहे. विकत आणायची ती फक्त जाळी, बिजागऱ्या आणि थोडं सिमेंट.

बदकं कोंबड्यांसारखी दांडीवर बसत नाहीत, रात्रभर जमिनीवरच असतात. म्हणून बदकामागे पाच चौरस फूट धरून ५ बाय ६ फुटांची आखणी केली आहे. जोतं चिऱ्यांचं, फूटभर उंच.

घोडं अडलंय ते पावसापाशी. आमच्याकडे चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि झड पश्चिमेकडून आडवी येते. भिंती बंद केल्या तर आत दमट वास कोंडणार, कारण बदकांची विष्ठा पातळ आणि पंखांतून पाणी येतं ते वेगळंच. उघड्या ठेवल्या तर पेंढा भिजणार. हवा कुठून घ्यावी?

दुसरं, जमीन. शेणाने सारवली तर पावसाळ्यात टिकेल असं वाटत नाही. नुसता चिरा पाणी पितो, आणि त्याच्या खरखरीत अंगाने पायाच्या गादीला जखमा होतील ही भीती आहे. कोबा करावा का?

तिसरं, कांडेचोर (उदमांजर) आणि मुंगूस. कांडेचोर घरावरची कौलं सरकवून आत उतरतो, हे आम्ही दरवर्षी बघतो. बदकांनी कौलांखाली सुखाने झोपावं, एवढीच इच्छा आहे. आणि सिमेंटचे पत्रे वापरावेत का?

प्रतिसाद:

दादा, आधी पत्र्यांचं सांगतो. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲसबेस्टॉस असतो. कापू नका, भोकं पाडू नका, फोडू तर नकाच. त्याची धूळ फुप्फुसात जाते. खुराड्याला कौलंच पुरतील.

कौलं घालण्याआधी वाशांवर अर्ध्या इंचाची वेल्डमेश (तारा वेल्डिंगने जोडलेली चौकोनी) जाळी ताणून ठोका, मग रिपा आणि कौलं. कौल सरकलं तरी खाली जाळी राहते. षटकोनी कोंबडीजाळी घेऊ नका. ती कोंबड्यांना आत ठेवते, पण कुत्रा किंवा मुंगूस दातांनी तोडतो. हीच वेल्डमेश भिंतीच्या बुडाशी जमिनीत फूटभर पुरा, म्हणजे खालून उकरून कोणी येणार नाही.

हवेसाठी पश्चिमेची भिंत पूर्ण बंद ठेवा. पूर्वेला आणि उत्तरेला छपराच्या लगत सहा-सात इंचांची फट ठेवून जाळी लावा. वळचण दीड-दोन फूट पुढे काढा. हवा बदकांच्या डोक्यावरून गेली पाहिजे, अंगावरून नाही. गजांची खिडकी पूर्वेला बसवा, पण गजांमधून मुंगूस सहज जातो, तिलाही जाळी हवीच.

जमिनीला कोबा करा आणि दाराकडे थोडा उतार द्या. वर भाताचा तूस चार इंच टाका, ओला झाला की तेवढाच काढून माडांच्या आळ्यात घाला. बुरशी लागलेला पेंढा मात्र अजिबात नको. त्या बुरशीने बदकांना फुप्फुसाचा आजार होतो आणि ती पटकन दगावतात.

दार रुंद ठेवा, सगळी एकदम घुसतात. सकाळी ८-९ पर्यंत सोडू नका, तोवर बहुतेक अंडी आतच पडतात. नाहीतर परसात, पाटात शोधत फिरावं लागतं.

धागाकर्ता:

मनापासून आभार. पत्रे आता न हलवता तसेच झाकून ठेवतो. कौलांखालची जाळी तर डोक्यातच आली नव्हती, तीच आधी मागवतो.

एक राहिलं. फणसाच्या वाशांना वाळवीसाठी काजूच्या सालीचं तेल लावायचा विचार आहे, घरच्या दारांना लावतो तेच. ते अंगाला लागलं तर भाजतं. बदकं आत सोडण्याआधी ते किती दिवस वाळू द्यावं? कोणी लावून बघितलं असेल तर सांगा, कौलं चढवायला सुतार येत्या आठवड्यात येतोय.