पश्चिमेला पंधरा फुटी काच लावू की नको? (जळगाव, घर जोत्यापर्यंत आलंय)

जोत्यावरचा
मंडळी, भांडण घरचंच आहे, पंच मात्र बाहेरचे हवेत. तीस बाय पन्नासचा प्लॉट, रस्ता पश्चिमेला, म्हणजे घराचं तोंडही तिकडेच. मुलाने मोबाईलवर देशोदेशीची घरं बघून आर्किटेक्टकडून डिझाईन काढून आणलंय: डबल हाईट म्हणजे दोन मजले उंचीचा हॉल, समोर पंधरा फूट उंच फिक्स काच, ओपन किचन, आत सगळं पांढरं-करडं. दिसतं झकास, खोटं कशाला बोलू. आमचे आबा फोटो बघून एवढंच म्हणाले, "कुरडया वाळवाले गच्चीवर जायाचं काम नाही, हॉलमधीच वाळतील."

मी आबांच्या बाजूने. आमचं अमळनेरकडचं जुनं घर धाब्याचं होतं. दीड हात रुंद मातीच्या भिंती, सागाच्या धारणी, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. बाहेर ४५ असलं तरी दुपारी जेवून लवंडलं की पंख्याची आठवण यायची नाही. आणि काचेच्या घरांचा मूळपुरुष म्हणून ज्याचे फोटो सगळे दाखवतात, ते मीस व्हॅन डर रोहचं अमेरिकेतलं फार्न्सवर्थ हाऊस, १९५१ सालचं, चारी बाजूंनी काच. मालकीणबाई उन्हाळ्यात उकडून वैतागल्या, खर्चावरून वास्तुकाराशी कोर्टकज्जाही झाला. पुढच्या मालकाने एसी बसवला. इलिनॉयमध्ये ही गत, मग भुसावळ-जळगावात काय?

पाचोऱ्याची सून
दादा, धाब्याचं कौतुक करणारे सगळे दुपारी लवंडणारेच का असतात हो? मी अशा घरात नऊ वर्षं संसार केला. आषाढात झड लागली की परात, पातेलं, कळशी, जे हाताला लागेल ते गळतीखाली. गादीची जागा रात्रीतून तीनदा बदलायची. दर वर्षी पावसाआधी धाब्यावर माती टाका, दर सणाला सारवा, भिंतीत वाळवी, आढ्यात उंदीर. आणि उंदरामागे कोण येतं ते सांगायला नको. गारवा होता, मान्य. तो गारवा बायांच्या कमरेतून निघायचा. स्लॅब पडला त्या दिवशी सासूबाई रडल्या, आनंदाने.

काच लावू नका हे बरोबर. पण म्हणून आम्हाला परत मातीत ढकलू नका.

चोपड्याचा, सध्या नाशिक
या धंद्यात आहे म्हणून बोलतो. "काच वाईट, माती चांगली" हा वादच चुकीचा आहे. काच सावलीत असेल तर काही बिघडत नाही, उन्हात असेल तर बिघडतं. दक्षिणेचा सूर्य दुपारी वर असतो, तिथे दोन-अडीच फुटांचा छज्जा पुरतो. पश्चिमेचा सूर्य चार वाजल्यानंतर तिरपा थेट आत येतो, त्याला छज्जा कितीही काढा, अडत नाही. तिथे उभी आडोशाची जाळी लागते, नाहीतर झाड. भारी डबल ग्लेझिंगने, म्हणजे दुहेरी काचेने, ताप कमी होतो, जात नाही. आणि खिशाला चटका बसतो तो वेगळा.

मुलाला एक विचारा: फोटोतलं घर कुठल्या देशातलं आहे? जर्मनीत डार्मस्टाटला १९९१ साली पहिलं पॅसिव्ह हाऊस, म्हणजे हीटर जवळजवळ न लावता उबदार राहणारं घर, उभं राहिलं, त्याच्या मोठ्या काचा हिवाळ्यातलं ऊन आत घ्यायला आहेत. आपल्याला ते ऊन बाहेर ठेवायचंय. नक्कल केली तर उलटीच होईल.

पण आबांनाही सांगा, जुन्या वाड्यांतलं सगळंच जमणार नाही. दीड हाताची भिंत तीस फुटी प्लॉटवर दोन्हीकडून घेतली की साडेचार फूट त्यातच गेले.

शिरपूरकर
काय भो, सगळे एकाच बाजूला? मी पोराच्या बाजूने. स्थळ बघायला पाहुणे येतात तेव्हा भिंतीची जाडी मोजत नाहीत, एलेव्हेशन बघतात. हसा, पण आपल्याकडे घर आयुष्यात एकदा बांधलं जातं आणि ते चारचौघांत दिसण्यासाठीही असतं. त्यात लाज कसली?

आणि गरीबांनी मातीत राहावं हे सांगणारे बहुतेक शिकलेलेच असतात. इजिप्तमध्ये हसन फाथीने १९४० च्या दशकात लक्झरजवळ नवं गुर्ना गाव बसवलं. मातीच्या विटा, घुमट, अंगणं, हवेचं उत्तम गणित. ज्यांच्यासाठी बांधलं त्यातले बरेच गावकरी राहायलाच गेले नाहीत. त्यांचं पोट जुन्या गावाजवळच्या थडग्यांवर, तिथल्या प्राचीन वस्तू विकून चालायचं, शिवाय घुमट म्हणजे त्यांच्या लेखी कबर. आर्किटेक्ट जगभर गाजला, गाव अर्धवटच राहिलं. मी एसी लावीन, बिल भरीन.

जोत्यावरचा
भाऊ, बिल भराल हो, पण मे महिन्यात दुपारी लाईट गेली की? डबल हाईट हॉल थंड करायचा म्हणजे डोक्यावरची दहा फूट हवासुद्धा फुकट थंड करायची.

नाना मिस्त्री
चाळीस वर्षं झाली थापी हातात आहे. तुम्ही सगळे भिंतीवर भांडता, खरा चोर डोक्यावर आहे. पाच इंचाचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत खाली ओकत राहतो. पटत नसेल तर मे महिन्यात रात्री नऊला वरच्या मजल्यावर स्टुलावर उभं राहून छताला तळहात लावून बघा. पाच आकडे मोजेपर्यंत हात काढाल.

उपाय साधा. गच्चीवर चायना मोझॅक. पांढऱ्या टाइलचे फुटके तुकडे, ऊन परतवतात. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी अहमदाबादला आपल्या 'संगाथ' ऑफिसच्या कमानदार छतांवर हेच केलंय. ज्यांना ते परवडत नाही ते दर उन्हाळ्याला चुना मारतात.

दुसरं, गच्चीवरचं पत्र्याचं शेड. आर्किटेक्ट लोक नाकं मुरडतात, एलेव्हेशन बिघडतं म्हणे. पण आफ्रिकेत बुर्किना फासोमध्ये गांदो गावी फ्रान्सिस केरेने २००१ साली शाळा बांधली, तिच्यात विटांच्या छतावर पत्रा उंच उचलून धरलाय. पत्रा ऊन झेलतो, मधून वारा जातो, खालचं छत तापत नाही. त्या माणसाला २०२२ ला प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्ट लोकांचं सगळ्यात मोठं बक्षीस, मिळालं. आपल्याकडच्या शेडला "गावठी" म्हणतात!

रॅट-ट्रॅप भिंतही एकदा केली. केरळात लॉरी बेकर साहेब करायचे तशी, विटा आडव्या न ठेवता काठावर उभ्या, मधे पोकळी. विटा चौथाईने वाचतात. पण वीट सरळ लागते. आपल्या भट्टीतली वाकडी निघाली की गवंडी शिव्या घालतो.

घरकुलवाला
तुमची पंधरा फुटी काच चालू द्या. आम्हाला घरकुल योजनेत १ लाख २० हजार मिळाले, त्यात पंचवीस चौरस मीटर. चिलीत इकीके शहरात अलेहांद्रो अरावेना या आर्किटेक्टने २००४ मध्ये ९३ कुटुंबांसाठी अर्धी घरं बांधली. अवघड अर्धं, म्हणजे जिना, मोरी, स्वयंपाकघर, भक्कम चौकट सरकारी पैशात. उरलेली मोकळी जागा ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे भरली. आमच्याकडे उलट: पुरी चार भिंतींची खोली, आणि वाढवायची तर तोडूनच. यावर कोणी धागा काढत नाही.

पाचोऱ्याची सून
भाऊ, तुम्ही काढा. मी येते भांडायला.

जोत्यावरचा
दोन दिवसांनी आलो. घरकुलवाल्या भाऊंचं वाचून जरा ओशाळलो, खरंच.

इथलं सगळं मुलाला वाचून दाखवलं. तो तापला, मग काल रात्री त्याने स्वतःच शेजाऱ्यांच्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहिला. आता तोड अशी: काच राहील, पण पूर्वेच्या अंगाला, सहा फुटी. पश्चिमेला विटांची जाळी, मागे तीन फुटांची ओसरी. डबल हाईट गेली. खिडक्या सरकत्या नाहीत, पूर्ण उघडणाऱ्या. कारण आपण एसीवाले नाही, कूलरवाले. कूलरला समोरून हवा बाहेर पडायला वाट लागते. सरकती खिडकी अर्धीच उघडते, फिक्स काच उघडतच नाही, मग घर गार नाही, नुसतं ओलं होतं. हे आर्किटेक्टच्या ध्यानात नव्हतं, माझ्या तर मुळीच नव्हतं, घरच्या बाईने सांगितलं.

ओपन किचनवर मात्र मुलगा अडून बसलाय.

पाचोऱ्याची सून
बसू द्या. फक्त अक्षय तृतीयेला पाहुणे आले की त्या गुळगुळीत ओट्यावर मातीचं खापर उपडं ठेवून पुरणपोळी करून दाखव म्हणावं. मागे चूल मांडायला सहा फूट जागा सोडा, नाना सांगतील धूर कुठून काढायचा.

नाना मिस्त्री
सांगतो. आधी नकाशा टाका. मोरी कुठे आहे?