मोटरसायकलवर पाणी, चहा, थंड पेय कसं नेता? (अनुभव धागा)

मोटरसायकलवर सामान कसं बांधावं यावर बरंच लिहिलं जातं, पण त्या सामानातल्या एका गोष्टीकडे दुर्लक्ष होतं. ती हिंदकळते, तापते, फसफसते, गळते आणि वाटेत सगळ्यात जास्त वेळा लागतेही तीच. पाणी, चहा, कॉफी, शीतपेय, दूध, काहीही असो. त्यासाठी हा धागा.

माझं मत आधीच सांगतो. बाटली कुठे ठेवली आहे यावरच आपण किती पितो हे ठरतं. सॅकच्या तळाशी रेनकोटखाली पुरलेली बाटली काढायचा कंटाळा येतो आणि ‘पुढे थांबू’ म्हणत पुढचे दोन तास जातात. त्यात वाऱ्याने घाम अंगावरच वाळतो, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळतही नाही. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही पुरुषांना सिम्युलेटरवर दोन तास गाडी चालवायला लावली होती, एकदा पुरेसं पाणी देऊन आणि एकदा कमी देऊन. पुरेसं पाणी होतं तेव्हा सगळ्यांच्या मिळून ४७ चुका झाल्या, कमी होतं तेव्हा १०१. अभ्यास लहान होता आणि चारचाकीचा होता, तरी दुचाकीवाल्याने तो मनावर घ्यावा असं मला वाटतं, कारण आपल्याला चूक सावरायला दोनच चाकं असतात.

हाताशी बाटली म्हणजे चालत्या गाडीवर एका हाताने पिणं नव्हे. एक हात क्लचवर, दुसरा थ्रॉटल (वेग वाढवायची मूठ) आणि पुढच्या ब्रेकवर. मोकळा हात असा नसतोच. गाडी थांबवली की सीटवरून न उतरता घोट घेता आला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

तुम्ही काय नेता, कुठे ठेवता, काय टिकलं? सविस्तर लिहा.

लांबच्या प्रवासाला जाणारा

मी टाकीवरच्या बॅगेत एक बाटली ठेवतो आणि बाकीचं पाणी बाजूच्या बॅगांमध्ये, दोन्हीकडे सारखं वाटून. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे चार लिटर एकाच बाजूला टाकलं की गाडी हळू चालवताना आणि यू-टर्न घेताना लगेच जाणवतं. पिताना टाकीवरची बाटली संपवायची आणि ती आळीपाळीने दोन्ही बाजूंच्या साठ्यातून भरायची.

क्रॅशगार्डला (इंजिनाजवळच्या संरक्षक दांड्यांना) लावायचे बाटलीचे पिंजरे मिळतात. मला ते पटले नाहीत. इंजिनवरून येणारी गरम हवा थेट बाटलीवर येते, शिवाय पुढच्या चाकाचा चिखल झाकणावर बसतो आणि आपण त्याच झाकणाला तोंड लावतो. लावायचाच असेल तर सायलेन्सरचा पाइप जिथून जातो ती बाजू सोडून, आणि तोंड झाकणारं टोपण असलेल्या बाटलीसाठीच लावा.

कोरड्या उन्हाळ्यात पाणी गार ठेवायला बाटलीला जाड सुती मोजा चढवून तो भिजवतो. एक ग्रॅम पाणी सुकताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी १० अंशांनी गार करायला ४२ हजार ज्यूल काढावे लागतात. म्हणजे कागदावर वीसेक ग्रॅम पाणी सुकलं तरी काम झालं. प्रत्यक्षात बाहेरची हवा बाटली तापवत असतेच, म्हणून मोजा पुन्हा पुन्हा भिजवावा लागतो. बाटली एकेरी पत्र्याची हवी, दुहेरी भिंतीच्या बाटलीला याचा काही उपयोग नाही. दमट हवेतही फारसा फरक पडत नाही.

पाठीवर पाण्याची पिशवी वापरणारी

धागाकर्त्यांना माझं उत्तर म्हणजे हायड्रेशन पॅक. पाठीवर पिशवी, तिची नळी खांद्यावरून हनुवटीपर्यंत. ही कल्पना सायकलवाल्यांकडून आली. अमेरिकेत टेक्सासमधल्या कडक उन्हातल्या एका सायकल शर्यतीसाठी मायकल आयडसन यांनी सलाइनची पिशवी मोज्यात घालून पाठीला लावली आणि त्यातून १९८९ मध्ये कॅमलबॅक कंपनी उभी राहिली. ते स्वतः आणीबाणीच्या वैद्यकीय सेवेत काम करायचे, म्हणून सलाइनची पिशवी सुचली असावी.

बंद हेल्मेटमध्ये हनुवटीखालून नळी आत घेता येते. सिग्नलला थांबले की दोन घोट. पण काही गोष्टी वापरूनच कळतात. नळीतलं पाणी उन्हात चांगलंच तापतं आणि पहिला घोट गरम येतो. पिऊन झाल्यावर नळीत हलकी फुंकर मारून पाणी पिशवीत परत ढकललं की हा त्रास जातो. कडाक्याच्या थंडीत नळी गोठते, तिथेही हीच फुंकर कामी येते. आणि पिशवीत साधं पाणीच भरायचं. साखरेचं काही भरलं की नळीच्या आत बुरशी धरते आणि ती काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं. प्रवास झाला की पिशवी उघडी, उलटी टांगून वाळवायची.

तीन लिटर भरले की खांद्यांवर तीन किलो. पट्टे थोडे सैल सोडून पॅकचं बूड सीटवर टेकवलं की मान दुखत नाही. एक मात्र कळकळीने सांगते. मऊ पिशवी ठीक आहे, पण स्टीलची बाटली किंवा थर्मास सॅकमध्ये घालून पाठीवर नेऊ नका. पडलो तर ती कठीण वस्तू नेमकी कण्याखाली येते. ती गाडीला बांधा, अंगाला नको.

कॉफी आणि सरबतं घरपोच देणारा

आम्हाला स्वतःचं नाही, गिऱ्हाइकाचं पेय न सांडता न्यायचं असतं आणि तेही कागदी कपात. या कामात सगळे वळणाला घाबरतात. प्रत्यक्षात वळणावर सांडत नाही! गाडी वळणाला कलते तेव्हा गुरुत्वाकर्षण आणि बाहेर फेकणारा जोर यांची बेरीज गाडीच्या कललेल्या रेषेतच येते. खोक्यात घट्ट बसलेल्या कपाला आपण सरळ उभे आहोत असंच वाटतं आणि पेयाचा पृष्ठभाग कपाच्या काठांशी समतल राहतो. तीनचाकी किंवा चारचाकी कलत नाही, म्हणून तिथे कप बाहेरच्या बाजूला सांडतो.

आपल्याकडे सांडतं ते ब्रेकमुळे, अचानक दिलेल्या थ्रॉटलमुळे आणि खड्ड्यामुळे. म्हणून थांबायच्या जागेच्या बऱ्याच आधी थ्रॉटल सोडायचा आणि ब्रेक हलक्या हाताने, वाढवत दाबायचा. सुटण्याच्या क्षणीही बोटं सावकाश ढिली करायची, कारण गाडी थांबता थांबता जो हिसका बसतो त्यानेच झाकणाच्या भोकातून कॉफी उडते.

खोकं मागच्या चाकाच्याही मागे असतं आणि खड्ड्याचा सगळ्यात मोठा उसळा तिथेच बसतो. दोन चाकांच्या मधली जागा सगळ्यात शांत. सीटवर मागे कुणी बसणार नसेल तर मी बॅग जमेल तेवढी पुढे, माझ्या पाठीला टेकवून बांधतो. आत पुठ्ठ्याचे कप्पे, राहिलेल्या फटीत कापड. कप हलायला बोटभरही जागा ठेवायची नाही. गरम आणि गार एका कप्प्यात ठेवायचं नाही, गाराला घाम सुटतो आणि गरमाचा कागदी कप बुडातून लोळागोळा होतो.

फेसवाली कॉफी साध्या कॉफीपेक्षा कमी हिंदकळते. हे मी रोज पाहतो, आणि प्रयोगशाळेतही दिसलं आहे की बुडबुड्यांचे चार-पाच थर असले तरी लाटा लवकर विरतात. काळ्या कॉफीसाठी मी दुकानात आवर्जून सांगतो, भोकावर चिकटपट्टी लावा.

दूध घरोघरी पोचवणारा

वरच्या दादांना पेलाभर सांभाळायचं असतं, आम्हाला कॅनभर. दोन्ही बाजूंना कॅन, वजन सारखं. काठोकाठ भरलेला कॅन जड असला तरी शहाणा असतो, कारण आत दुधाला हलायला जागाच नसते. खरा त्रास अर्धा रिकामा झाल्यावर. ब्रेक दाबला की आतलं दूध पुढे धावतं आणि गाडी थांबल्यावरही एक धक्का देतं. म्हणून एक मोठा कॅन नेण्यापेक्षा दोन-तीन लहान न्यावेत, एक पुरता संपवावा आणि मगच दुसरा उघडावा. डावीकडून काढलं की पुढच्या घरी उजवीकडून. साइड स्टँडवर लावून एकाच बाजूचं काढत गेलात तर गाडी कलंडते. मी दूध काढताना मधल्या स्टँडवरच लावतो.

झाकणाखालचं रबर वेळेवर बदला. दूध सांडून आत शिरलं की त्या वासाला औषध नाही.

शीतपेयांबद्दल

धक्क्यांनी बाटलीतला दाब वाढतो असा समज आहे. धक्क्यांनी होतं ते वेगळंच. वरचा वायू बारीक बुडबुडे होऊन द्रवात मिसळतो, आणि बूच उघडलं की विरघळलेला वायू त्याच बुडबुड्यांमध्ये शिरून सगळं वर घेऊन येतो. दाब खरा वाढतो तो उन्हाने. वातावरणाच्या दाबाला एक लिटर पाण्यात ० अंशाला सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड मावतो, २५ अंशाला जेमतेम पाऊण लिटर. म्हणून बाटली ओल्या कापडात गुंडाळून सावलीच्या बाजूला ठेवायची आणि पोचल्यावर थोडा वेळ उभी, शांत ठेवून मग बूच हळूहळू फिरवायचं. मी तर गाडीवर शीतपेय नेणं जवळजवळ बंदच केलंय. त्याने तहान भागत नाही आणि हातमोजे चिकट होतात.

घाटावर, उंचावर जाणारी

३००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच उरतो. खाली गच्च बंद केलेली नळीवाली बाटली वर जाऊन उघडली की आतली हवा पाण्याला नळीतून थेट तोंडावर फेकते. आधी झाकण जरा सैल करून हवा सोडायची. उतरताना उलटं होतं, वर रिकामी करून बंद केलेली प्लास्टिकची बाटली आत चेपते. ती फुटली नाहीये, घाबरू नका.

रात्री पाणी गोठणार असेल तर बाटली काठोकाठ भरू नका. बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं.

थर्मासवाला

जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये प्रयोगशाळेसाठी बनवलेलं निर्वात भांडं म्हणजे आपला थर्मास. जुन्या थर्मासात आत काच असायची आणि गाडीच्या सततच्या थरथरीत ती टिकणं अवघड. स्टीलचाच घ्या. आधी उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं ठेवा, फेकून द्या, मग चहा भरा, तोही पूर्ण. अर्धा भरलेला लवकर निवतो. दुधाचा चहा ६० अंशांच्या खाली गेला की त्यात जंतू वाढायला लागतात, म्हणून लांब पल्ल्याला मी कोरा चहा नेतो. आणि साध्या प्लास्टिकच्या बाटलीत गरम काही ओतू नका, ते प्लास्टिक ७० अंशांच्या आसपास मऊ पडतं.

दवाखान्यात काम करणारी

उन्हात जाणारे बरेचजण ओआरएसचं पाकीट सोबत ठेवतात, चांगलंच आहे. पण एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतू नका, मिठाचं प्रमाण दुप्पट होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रात एका लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, ते मोजूनमापून ठरवलेलं आहे. म्हणून मापाच्या खुणा असलेली बाटली घ्या.

हँडलवर कप होल्डर लावलेला

बऱ्याच गाड्यांचं हँडल २२ मिलिमीटरचं असतं, त्या मापाचा क्लँप घ्या. बसवल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, केबल किंवा टाकीला काही अडता कामा नये. मी गाडी उभी असतानाच त्यात पेला ठेवतो. चालताना तो रिकामा असतो. पिशवी अडकवून पेय नेणाऱ्यांना मात्र हात जोडून विनंती: ती झुलते, पुढच्या चाकाकडे जाते, आणि हँडल वळायच्या ऐन वेळी आड येते.

एक प्रश्न

मी नेहमी मागे बसते. बाटली माझ्या हातात देतात. ते बरोबर आहे का?

धागाकर्ता

ताई, हातात नको. खड्ड्यात तुम्हाला दोन्ही हातांनी धरायला लागेल. तुमच्या जॅकेटच्या पुढच्या खिशात मऊ, घडी होणारी बाटली ठेवा आणि गाडी थांबली की आधी त्यांना द्या, मग तुम्ही प्या. चालू गाडीत त्यांनी मागितली तरी देऊ नका.